परत न आलेली चिठ्ठी

हरिहररावांच्या टेबलाच्या डाव्या खणात, जुन्या पंचांगांच्या खाली, एक पत्र आठ महिने पडून होतं. ते तिथे आहे हे त्यांना रोज आठवायचं. चष्मा काढायला खण उघडावा लागे, म्हणून त्यांनी चष्म्याची जागाच बदलली होती.

पत्र आलं तेव्हा जुलै महिना होता. पाकीट जाड होतं आणि अक्षर ओळखीचं. त्यात लिहिलं होतं:

‘आदरणीय सर, सविनय जय भीम. मी अकोल्यात जिममध्ये लागून दोन वर्षं झाली. आधी मशीन पुसायचो, आता लोकांना व्यायाम दाखवतो. मालक म्हणतात, पर्सनल ट्रेनर म्हणून नाव लावायचं असेल तर सर्टिफिकेट आण. कोणतं आणायचं, ते त्यांना माहीत नाही आणि त्यांना त्याचं काही पडलेलंही नाही. मला आहे. तीन कोर्सची माहितीपत्रकं जोडली आहेत. मला पहिलं बरं वाटतं, सुट्टी कमी लागते. त्यावर खूण केली आहे. तुम्हाला फोनवर बोलायला जमत नाही म्हणून पत्र लिहितो. पंधरा दिवसांत प्रवेश बंद होतो. आपल्या लायब्ररीच्या पद्धतीप्रमाणे करावं. चुकीचं असेल तर ते माहितीपत्रक परत पाठवा. परत आलं नाही तर मंजूर समजतो. आपला, नागसेन.’

लायब्ररीची पद्धत ही हरिहररावांनीच पाडलेली. अमरावतीच्या एका लहानशा शारीरिक शिक्षण महाविद्यालयात ते चौतीस वर्षं ग्रंथपाल होते. अंगकाठी अशी, की मोठा शब्दकोश वरच्या फळीवरून काढायचा तर शिपायाला हाक मारावी लागे. मुलं त्यांना ‘पुस्तकी पैलवान’ म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. त्यांची अडचण वेगळीच होती. समोर माणूस उभा राहिला की त्यांचा घसा कोरडा पडायचा. ‘हे पुस्तक तुझ्या उपयोगाचं नाही’ एवढं वाक्य त्यांना तोंडाने म्हणता येत नसे.

म्हणून काउंटरवर पत्र्याचा एक डबा ठेवला होता. मुलांनी हव्या त्या पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. पुस्तक जुनं असेल, चुकीचं असेल, तर दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी लाल पेन्सिलीची फुली मारून परत मिळे, आणि खाली दुसऱ्या पुस्तकाचं नाव लिहिलेलं असे. चिठ्ठी परत आली नाही म्हणजे मंजूर. चौतीस वर्षं त्यांनी नकार लिहून दिला आणि होकार गप्प राहून दिला.

नागसेन हा त्या डब्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. अकोल्याहून आलेला, वसतिगृहात राहणारा, इंग्रजीला घाबरणारा, पण शरीररचनेचं जाडजूड पुस्तक घेऊन प्रत्येक स्नायूचं नाव वहीत मराठीत उतरवून घेणारा. दुसऱ्या वर्षाला असताना बापाचा पाय कारखान्यातल्या यंत्रात सापडला आणि तो शिक्षण सोडून गावी गेला. जाताना त्याने डब्यात एक चिठ्ठी टाकली होती. पुस्तकाच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘सर, येतो.’ ती हरिहररावांनी परत केली नाही.

पत्र आलं त्या दिवशी त्यांनी तिन्ही माहितीपत्रकं टेबलावर मांडली. पहिलं चकचकीत होतं. सहा दिवसांचा डिप्लोमा, सोनेरी शिक्का, ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’, आणि आजवर एकही विद्यार्थी नापास नाही असं अभिमानाने छापलेलं. दुसरं साधं, काळ्यापांढऱ्या कागदावर. नागपुरात चार महिने, दर शनिवार-रविवार. त्यातले पहिले चार दिवस नुसते माणूस तपासण्याचे. व्यायामाला लावण्याआधी त्याला काय विचारायचं, रक्तदाब कसा बघायचा, कोणाला डॉक्टरकडे परत पाठवायचं. मग प्रथमोपचार, रबरी पुतळ्याची छाती दाबण्याचा सराव, आणि शेवटी तोंडी परीक्षा. तिसरा कोर्स वर्षभराचा होता. त्यासाठी नोकरीच सोडावी लागली असती.

चौथ्या दिवशी त्यांच्या हाती काहीतरी लागलं. लायब्ररीत पुस्तकं खरेदी करताना तीन विक्रेत्यांची दरपत्रकं मागवावी लागत, आणि एकच लबाड माणूस तीन नावांनी तिन्ही पाठवी. हरिहरराव पत्ते आणि टाइप बघून तो चोर पकडत. सवयीने त्यांनी पहिल्या माहितीपत्रकाची मागची बाजू भिंगाखाली धरली. कोर्स घेणारी संस्था दुसऱ्या मजल्यावर होती आणि तिला आंतरराष्ट्रीय मान्यता देणारी संस्था त्याच इमारतीच्या तळमजल्यावर. म्हणजे ज्याने दुकान टाकलं त्यानेच दुकानाला प्रशस्तिपत्र दिलं होतं.

त्यांनी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. ‘प्रिय नागसेन, पहिलं नको. दुसरं घे.’ कारणं सविस्तर लिहिली. वर तारीख घातली. आणि पाकीट चिकटवायच्या आधी त्यांचा हात थबकला.

योगायोग असला तर? एका इमारतीत दोन चांगल्या संस्था असू शकत नाहीत का? मुळात आपल्याला यातलं काय कळतं? आयुष्यात कधी दोन किलोचं वजन उचललं नाही आणि निघालो पोराला ट्रेनिंग शिकवायला. दुसऱ्याला चार महिने लागतात, मालकाने मध्येच काढून टाकलं तर? त्यांनी ठरवलं की आधी खात्री करून घ्यावी. मान्यता देणाऱ्या संस्थेला त्यांनी शुद्ध भाषेत चौकशीचं पत्र पाठवलं आणि ते उत्तराची वाट बघत बसले.

पंधरा दिवस सरले. सतराव्या दिवशी त्यांचं चौकशीचं पत्र परत आलं. पोस्टमनने वर शेरा मारला होता, ‘या नावाचे येथे कोणी नाही.’

आता खात्री झाली होती. पण प्रवेश बंद झाला होता. आता कळवून पोराला नुसता त्रास होणार, असं ते स्वतःला म्हणाले. शिवाय उशीर का केला हेही लिहावं लागणार. त्यांनी नागसेनचं पत्र, तिन्ही माहितीपत्रकं, स्वतःचं न पाठवलेलं उत्तर आणि परत आलेलं पाकीट, सगळं एका सुतळीत बांधलं आणि पंचांगांखाली सारलं.

मार्चच्या शेवटी, भर दुपारी, कोणीतरी फाटक वाजवलं. त्यांची मुलगी अनुपमा दार उघडायला गेली. बाहेर एक पाय ओढत चालणारा, पांढरी टोपी घातलेला माणूस होता.

“हरिहर सर अठीच राह्यते काय?”

“हो. आपण?”

“मी देवमन. अकोल्याचा. नागसेनचा बाप.”

हरिहरराव आतून उठून आले. त्यांच्या तोंडातून “बसा” एवढंच आलं. देवमन खुर्चीच्या कडेला टेकला. अनुपमाने दिलेलं पाणी त्याने एका दमात संपवलं.

“सर, पोट्टं बोलून नाई राह्यलं,” तो म्हणाला. “महिना झाला. खाते, निजते, पन बोलत नाई. त्याची माय म्हनते, लायब्ररीवाल्या सरले घिऊन या. तुमचं नाव लय घ्यायचा तो.”

“काय झालं?” अनुपमाने विचारलं.

“त्याच्या हातानं मानूस मेला, बाई.”

मग त्याने सांगितलं. हरिहररावांनी ते ऐकलं, पण नंतर आठवताना त्यांना त्यातले दोनच शब्द आठवत. सर्टिफिकेट, आणि छाती.

दुसऱ्या दिवशी ते देवमनसोबत एस. टी.ने अकोल्याला गेले. मूर्तिजापूरपर्यंत देवमन झोपला होता. हरिहररावांनी सुतळीचं बंडल पिशवीत घेतलं होतं. कशासाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं.

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. त्यांच्या शेजारी एक रिकामा खिळा आणि त्याखाली चौकोनी फिकट डाग. हरिहररावांची नजर तिथे गेलेली नागसेनच्या आईने, चतुराबाईंनी, पाहिली.

“तठी त्याचं सरटिफिकिट होतं,” त्या म्हणाल्या. “पोलीस घिऊन गेले. काचेसकट. काच तं मी इकत घेतलती न सर. काच काहून नेली?”

“माय, चहा ठेव,” आतून आवाज आला.

नागसेन दारात आला. खांदे तेच रुंद, पण त्यांच्यावर शर्ट दोरीवर टांगल्यासारखा दिसत होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि जमिनीवर बसला. हरिहररावांना शांतता नेहमी बरी वाटायची. त्या दिवशी ती त्यांच्या अंगावर बसली.

“सर, तुमी कशाले आले उन्हाचे?” शेवटी नागसेननेच विचारलं.

“तुझे वडील म्हणाले...”

“बाबा कोनालेबी धरून आनते. परवा एका भगताले आनलं होतं. तो म्हने, बाहेरची बाधा हाये.” तो किंचित हसला. “मी म्हटलं, बाधा बाहेरची नाई, सहा दिवसाची हाये.”

देवमन पुटपुटला, “बोलला तं खरा.”

मग नागसेन बोलत राहिला, भिंतीकडे पाहत.

त्या माणसाचं नाव प्रीतम. कापडाचं दुकान, वय बेचाळीस, पोट सुटलेलं. भाचीच्या लग्नात जुना कोट अंगात बसला पाहिजे असा हट्ट. मोठा गमत्या माणूस होता. रोज कोट पिशवीत घालून आणायचा आणि व्यायाम झाला की आरशासमोर घालून बघायचा. “बटन दोन बोटं दूर हाये बे, नागसेन,” म्हणायचा.

“कोर्सच्या पुस्तकात चाळीस दिवसाचा तक्ता होता. मी तोच लावला. पहिल्या दिवशी फारम भराचा असते, बीपी किती, घरात कोनाले हार्टचा तरास हाये काय. कोर्सवाला मास्तर म्हने, ते समदं नॉर्मल लिवून टाकायचं, गिऱ्हाईक घाबरते. मी लिवलं. एकविसाव्या दिवशी तो म्हने, डावा हात दुखून राह्यला. मी म्हटलं, दुखते म्हंजे लागू पडून राह्यलं. तसंच लिवलं होतं पुस्तकात. मी त्याच्या हाताले स्प्रे मारला, सर. अन् अजून एक सेट कराले लावला.”

चतुराबाई चहाचे कप घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

“तो पडला. मी पानी पाजलं. तयपाय घासले. गाडी याले अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटं मी त्याचे पाय घासत होतो. छाती दाबाची असते, हे मले दुसऱ्या दिवशी मोबाईलवर दिसलं. बारा वर्साचं पोरगं करून दाखवत होतं.”

हरिहररावांच्या मांडीवरच्या पिशवीत तो रबरी पुतळा होता. काळ्यापांढऱ्या कागदावर, दुसऱ्या पानाच्या मधोमध.

“आता मालक म्हनते,” देवमनने सांगितलं, “का नागसेननं आमाले फसवलं. त्याले माहीत होतं का सरटिफिकिट बोगस हाये. कोर्सवाल्याचा फोन बंद. आपली वकीलबाई म्हनते, घ्यायच्या आंधी कोनाले खरंखोटं इचारलं होतं याचा कागद दाखव, नाईतं फसवनुकीचंबी कलम लागन.”

“कागद नाई,” नागसेन पटकन म्हणाला.

“नाई कसा? तू सरले पत्र लिवलं होतं न!”

“बाबा, चूप राहा.”

“काहून चूप राहू? इचारू दे न मले. सर, याचं पत्र भेटलं होतं काय तुमाले?”

खोलीतले तिघेही हरिहररावांकडे बघत होते. मग नागसेनच बोलला, त्यांना सोडवायला. लायब्ररीतही तो असंच करायचा. सर अडखळले की वाक्य स्वतःच पुरं करून द्यायचा.

“भेटलं असन, बाबा. अन् सरनं परत पाठवलंबी असन. सर चुकीची चिठ्ठी ठेवून घेतच नाई कधी. तिकून येता येता पोस्टात गहाळ झालं असन. हो न, सर?”

हरिहररावांनी होकारार्थी मान हलवली.

एवढंच. चहा आला, तो त्यांनी प्यायला. साखर जास्त होती. निघताना नागसेन त्यांना स्टँडवर सोडायला आला, पिशवी स्वतःच्या हातात घेऊन.

“आता काय करणार?” हरिहररावांनी विचारलं.

“दालमिलमधी पोती उचलून राह्यलो. तठी सरटिफिकिट लागत नाई.” बसच्या खिडकीतून त्याने पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. “सर, एक इचारू? त्या तीनमधलं खरं कोनतं होतं? आता काई उपेग नाई, पन डोक्यातून जात नाई.”

कंडक्टरने घंटी वाजवली. हरिहररावांनी हात हलवला, ‘नंतर कळवतो’ अशा अर्थाने. बस सुटली.

घरी आल्यावर दोन दिवस ते जेवले, झोपले, वर्तमानपत्र वाचत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बंडल सोडलं. त्यांचं ते जुनं उत्तर वरच होतं. जुलैची तारीख, कारणं, सगळं बरोबर. ते आता पाकिटात घालून अनुपमाच्या हाती वकीलबाईंना दिलं असतं, आणि ‘तेव्हा पाठवलेलं, गहाळ झालं, ही माझ्याकडची प्रत’ असं म्हटलं असतं, तर कोणी शंका घेतली नसती. नागसेनने तर वाक्य तयारच करून दिलं होतं. त्यालाही उपयोग झाला असता. आणि हरिहरराव शहाणे, दक्ष, फक्त पोस्टाने दगा दिलेले गृहस्थ ठरले असते. तो कागद हातात धरून ते किती वेळ बसले, त्यांनाच कळलं नाही. त्यांनी पाकिटही काढलं होतं.

अनुपमा चहा घेऊन आली. टेबलावर पसरलेले कागद तिने उभ्याउभ्याच वाचले. ती शाळेत शिकवते. तिला वाचायला वेळ लागत नाही.

“बाबा, हे तुम्ही पाठवलंच नव्हतं?”

“नाही.”

“आणि तिथे काय सांगून आलात?”

त्यांनी पाकीट कागदांखाली सरकवलं.

“म्हणजे नेहमीसारखं,” ती म्हणाली. “आईने मुंबईच्या डॉक्टरांना दाखवू का विचारलं होतं, तेव्हाही तुम्ही माहिती काढत बसला होतात.”

हे वाक्य त्या घरात, तिची आई गेल्यापासूनच्या सहा वर्षांत, कोणी उच्चारलं नव्हतं. अनुपमाही दचकली. कप ठेवून ती जाऊ लागली, दारात थांबली.

“खरं लिहिलंत तर तुम्हाला साक्षीला बोलावतील. भर कोर्टात उभं राहून बोलावं लागेल. वकील उलटतपासणी घेतील. जमेल?”

“नाही जमणार,” हरिहरराव म्हणाले.

“मग?”

“माहीत नाही.”

ती गेल्यावर त्यांनी पेनस्टँडमधून लाल पेन्सिल काढली. नागसेनने खूण केलेलं चकचकीत माहितीपत्रक पुढे ओढलं. एक फुली मारायची आणि परत पाठवायचं, त्यानेही तेवढंच मागितलं होतं. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ही फुलीसुद्धा खोटी ठरेल. ती जुलैमध्ये मारलेली वाटेल. त्यांनी पेन्सिल ठेवली. नागसेनची निळी खूण तशीच एकटी राहू दिली.

मग त्यांनी कोरा कागद घेतला, वर आजची तारीख घातली आणि लिहिलं:

‘नागसेन, तुझं पत्र मला जुलैतच मिळालं. पहिला कोर्स बनावट आहे हे मला चौथ्या दिवशी कळलं. सतराव्या दिवशी खात्री झाली. मी तुला कळवलं नाही. पोस्टात काही गहाळ झालेलं नाही. तुझ्या घरी मी मान हलवली ती खोटी. तू पद्धतीप्रमाणे वागलास. चिठ्ठी परत आली नाही म्हणून तू मंजूर समजलास, आणि ती पद्धत माझी आहे.

‘तुझं मूळ पत्र, शिक्का असलेल्या पाकिटासकट, तिन्ही माहितीपत्रकं, माझं न पाठवलेलं उत्तर आणि परत आलेलं चौकशीचं पत्र सोबत आहे. सगळं वकीलबाईंना दे. मला बोलावलं तर मी येईन. नीट बोलता येणार नाही, पण येईन. प्रीतम यांच्या घरच्यांनी हे पत्र मागितलं तर त्यांनाही दाखव.

‘तू विचारलं होतंस, खरं कोणतं. दुसरं.’

खाली सही केली. ‘तुझा’ लिहावं की नाही, यावर पेन थोडा वेळ थांबलं. त्यांनी नुसतं नाव लिहिलं.

उन्हं चढायच्या आत ते पोस्टात पोचले. रांगेत चार माणसं होती. पहिल्याचं काम झालं, दुसऱ्याचं झालं, तसतशी त्यांना जवळच्या बाकाची आठवण यायला लागली. जरा बसावं, पुन्हा एकदा वाचून बघावं, ‘दुसरं’च्या पुढे दोन ओळी कारणांच्या हव्या होत्या का ते पाहावं. तेवढ्यात मागच्या बाईने कोपर लावलं. “सरका न काका, झोपले काय?”

ते सरकले. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट वजनाला ठेवलं.

“आत काय आहे?”

“कागद.”

“महत्त्वाचे?”

हरिहररावांचा घसा कोरडा पडला. कारकून आकड्यावरची नजर न काढता थांबून राहिला.

“हो,” ते म्हणाले.

“मोबाईल नंबर लिहा तुमचा. पोचलं की मेसेज येतो.”

त्यांनी नंबर लिहिला. कारकुनाने बारकोडची पट्टी चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. पोतं जवळजवळ रिकामं असावं. पाकीट तळाला पडल्याचा आवाज हरिहररावांना खिडकीपर्यंत ऐकू आला.